पार्टी बोटीवरची पहिली रात्र

अंबड तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा गेल्या वर्षापासून अमेरिकेत न्यू जर्सीला नोकरीला आहे. कार्यालयातील चौघांनी ठरवले आहे की उन्हाळा संपता संपता एका रात्रीसाठी खोल समुद्रात ट्यूना मासा पकडायला जायचे, आणि पाचवा म्हणून याला विचारले आहे. मुलाने फोनवर सांगितले, "अम्मी, पार्टी बोट आहे, रात्रभर तिथेच राहायचं." पार्टी म्हटल्यावर आईच्या डोळ्यांसमोर काय आले असेल ते आम्ही समजू शकतो. त्या लिहितात की आम्ही शहागडच्या पुलावरून गोदावरी पाहिली, त्यापेक्षा जास्त पाणी घरात कुणी पाहिलेले नाही. मुलाने जावे का? नमाजचे काय, खाण्याचे काय, आणि सोबतचे लोक पीत असतील तर?

या सदरात परदेशातील मुलांविषयी आम्ही पूर्वीही लिहिले आहे, पण समुद्राचा विषय पहिल्यांदाच आला. आमच्या ओळखीत न्यू जर्सीत राहणारी दोन मराठी मुस्लिम कुटुंबे आहेत. त्यांतील एकजण अशा बोटीवर तीनदा जाऊन आले आहेत. त्यांच्याशी सविस्तर बोललो, फिकहच्या बाबी एका आलिमसाहेबांकडून समजून घेतल्या, आणि मग हे लिहायला बसलो.

प्रथम नावाचा गैरसमज दूर करू. पार्टी बोट म्हणजे पार्टी करण्याची बोट नव्हे. तिकडे मासेमारीच्या सहलीचे दोन प्रकार असतात. एकात चार-सहा जण मिळून आख्खी बोट भाड्याने घेतात. दुसऱ्यात माणशी तिकीट काढून कुणीही चढतो, आपल्याकडच्या वडापसारखे, आणि त्याच बोटीला पार्टी बोट किंवा हेड बोट म्हणतात. हेड म्हणजे डोके, डोईमागे भाडे. सहापेक्षा जास्त प्रवासी नेणाऱ्या बोटीला तिथल्या तटरक्षक दलाकडून तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. किती माणसे न्यायची, किती लाइफ जॅकेट ठेवायची, हे त्यावर ठरलेले असते. आपल्याकडे कुणाच्या ओळखीने कुणाच्या होडीत बसून जातात तसा तो प्रकार नाही, ही आईसाठी दिलाशाची गोष्ट आहे.

जावे की नाही, यावर आमचे मत स्पष्ट आहे: जावे. नव्या शहरात, नव्या कचेरीत जो मुलगा प्रत्येक आमंत्रणाला नकार देतो तो वर्षभरात एकटा पडतो, आणि एकट्या पडलेल्या मुलाचे काय काय होते याची पत्रेही आमच्याकडे येतात. मासा हलाल आहे, समुद्राचा प्रवास जायज आहे, सोबतीही साधे नोकरदार आहेत. अडचण वेगळीच आहे. बोट किनाऱ्यापासून शंभर मैलांवर गेली की रात्री दोन वाजता, डोके गरगरत असताना, चार मित्रांसमोर कुठल्याही गोष्टीचा विचार करणे कठीण असते. तिथे माणूस जे समोर येईल त्याला हो म्हणतो. म्हणून जे ठरवायचे ते जमिनीवर ठरवावे. गळ आणि दोरी बोटीवर भाड्याने मिळते. ठरवलेली गोष्ट तिथे भाड्याने मिळत नाही.

आता प्रवास कसा असतो ते पाहू. न्यू जर्सीच्या किनाऱ्यासमोर समुद्राचा तळ बऱ्याच अंतरापर्यंत उथळ उतरत जातो आणि मग एकदम खोल दरीत कोसळतो. तिथे हडसन कॅन्यन नावाची पाण्याखालची प्रचंड घळ आहे. किनाऱ्यापासून ती साधारण ८० ते १०० मैलांवर लागते. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरदात दक्षिणेकडून येणाऱ्या गल्फ स्ट्रीम या उबदार प्रवाहाचे भोवरे या दरीच्या कडेला येतात, त्यांच्यामागे छोटे मासे येतात, आणि छोट्यांच्या मागे ट्यूना. बोटीला तिथवर पोहोचायलाच कित्येक तास लागतात. म्हणून ही सहल चोवीस ते तीस तासांची असते. जाताना झोपायचे, रात्रभर गळ टाकायचे, सकाळी आणखी थोडे, आणि मग परत.

ट्यूना आपल्याला अगदीच अनोळखी नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात किंवा हर्णैच्या लिलावात जो कुपा आणि गेदर दिसतो, तो याच कुळातला. आपल्याच देशात लक्षद्वीपमध्ये, जिथे जवळजवळ सगळी वस्ती मुस्लिम आहे, ट्यूना हा लोकांचा एक मोठा रोजगार आहे. मिनिकॉय बेटावरचे मासेमार जिवंत छोटे मासे पाण्यात टाकून ट्यूनाचा थवा वर आणतात आणि एका काठीला एक गळ लावून एकेक मासा बोटीत ओढतात, जाळे न वापरता. तोच मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून वर्षभर टिकवतात. जालन्याच्या बाजारात रोहू, कटला आणि नशीब असेल तर मरळ घेणाऱ्या आपल्या घरांना समुद्रातील मुस्लिम मासेमारांची ही मोठी परंपरा फारशी माहीत नसते, म्हणून एवढे सांगितले.

तयारीत पहिला क्रमांक पोटाचा. समुद्र लागणे म्हणजे काय? कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की शरीर हलते आहे, आणि डोळे सांगतात की केबिनची भिंत स्थिर आहे. या दोन साक्षी जुळत नाहीत आणि मळमळ सुरू होते. यात धाडसाचा किंवा ताकदीचा संबंध नाही. आमच्या ओळखीचे गृहस्थ गावी असताना कुस्ती खेळलेले, पण पहिल्या फेरीत बारा तास आडवे होते आणि एकही गळ टाकू शकले नाहीत. आपल्याकडे घाटात अवोमिन घेतात तशा गोळ्या तिकडे औषधाच्या दुकानात मिळतात. मेक्लिझिन हे त्यातले नेहमीचे औषध. पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. आदल्या रात्री एक आणि चढण्याच्या तासभर आधी एक, असा तिथल्या लोकांचा परिपाठ आहे. आणि या गोळ्यांनी झोप येते, काहींना फारच. म्हणून आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन पाहावी, त्या दिवशी गाडी चालवू नये. काचबिंदू, दमा किंवा दुसरी औषधे चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये.

बोटीवर गेल्यावर मधल्या किंवा मागच्या भागात, खालच्या डेकवर, मोकळ्या हवेत थांबावे, कारण नाकाच्या टोकाला बोट जास्त आपटते. डिझेलचा धूर येतो तिथे उभे राहू नये. मोबाइलमध्ये डोके घालू नये, दूर क्षितिजाकडे पाहावे. आदल्या दिवशी पुरेशी झोप आणि हलके जेवण, हे गोळीइतकेच महत्त्वाचे. उलट्या झाल्याच तर मीठ-साखर-पाण्याची पुडी जवळ असावी, घोट घोट प्यावे.

दुसरा क्रमांक जिवाचा. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि कित्येक घरांत मातम झाला. किनारा नजरेसमोर असताना, दिवसाढवळ्या. अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. म्हणून मुलाने बोटीवर पाय ठेवल्या ठेवल्या पहिले काम हे करावे: जॅकेट कुठे आहेत ते पाहावे, एक घालून पट्टा बसतो का ते पाहावे, आणि बाहेर पडण्याचा दुसरा रस्ता कोणता ते विचारावे. कप्तान सुरुवातीला सूचना देतो तेव्हा बहुतेक लोक सामान लावण्यात गुंतलेले असतात. त्याने कान देऊन ऐकावे. रात्री कठड्यावर वाकू नये, आणि ही गोष्ट स्पष्टच लिहितो, लघवीसाठी तर कधीही नाही. बोटीवर शौचालय असते. दोरी हाताला गुंडाळून ओढू नये. तीस किलोचा मासा एका झटक्यात बोट कापून नेऊ शकतो.

हवामान बिघडले म्हणून कप्तानाने फेरी रद्द केली तर हळहळू नये, आणि "आम्ही पैसे भरलेत, चला" म्हणणाऱ्या मित्रांत सामील होऊ नये. तसेच बोटीचे नाव, धक्क्याचे नाव आणि परतण्याची वेळ शेजारच्या एखाद्या माणसाला लिहून द्यावी. आईसाठी एक खास सूचना. किनारा सुटला की तासा-दोन तासांत मोबाइलची रेंज जाते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत येत नाही. तिथे शनिवारी रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे रविवार सकाळचे साडेसहा. हिशोब आधीच करून भिंतीवर लिहून ठेवावा. फोन लागला नाही म्हणून रात्री मामूंना उठवू नये, दुआ करावी आणि झोपावे.

आता नमाज. इथे मुलगा आईपेक्षा जास्त गोंधळलेला असेल, कारण आपल्याकडे किब्ला पश्चिमेला. जालन्यात कुठल्याही घरात डोळे मिटून तो पश्चिमेला वळेल. न्यू जर्सीहून मक्का मात्र ईशान्येला येते. सपाट नकाशावर हे पटत नाही, पण मुलाच्या शाळेतला पृथ्वीचा गोल घ्या, न्यूयॉर्कवर एक बोट आणि मक्केवर दुसरे ठेवून दोरा ताणून धरा. दोरा न्यूयॉर्कहून ईशान्येकडे वर चढतो आणि मग खाली उतरतो. बोट आग्नेयेला निघालेली असेल तर किब्ला साधारण डाव्या हाताला पडेल आणि परतताना उजव्या हाताला. मोबाइलचे होकायंत्र रेंजशिवाय चालते, पण इंजिन आणि लोखंडाजवळ ते फसवते. सरळ कप्तानाला विचारावे, "ईशान्य कोणती बाजू?" तो आनंदाने सांगतो. नमाज सुरू असताना बोट वळली आणि ते कळले, तर आपणही वळावे. उभे राहून पडण्याची भीती असेल किंवा भोवळ येत असेल तर बसून पढावी.

अंतर शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर. कसरसाठी आपल्याकडे बहुतेक उलेमा सुमारे ७८ किलोमीटर धरतात. म्हणजे मुलगा आपले शहर सोडल्यापासून मुसाफिर. जोहर, अस्र आणि इशाच्या चार फर्जऐवजी दोन, फजर आणि मगरिब जशीच्या तशी, आणि हनफी मुलाने वित्र सोडू नये. कोकणातील आपले बांधव शाफई आहेत, त्यांना प्रवासात जोहर-अस्र आणि मगरिब-इशा एकत्र पढण्याची सवलत आहे. मराठवाड्यातील हनफी घरांत ती घेतली जात नाही, वेळ पाळावी लागते. त्यासाठी त्या दोन दिवसांच्या वेळा कागदावर उतरवून खिशात ठेवाव्यात, कारण अॅप रेंजशिवाय दगा देऊ शकते. फजर नेमकी त्या वेळी येते जेव्हा मासा सर्वांत जास्त लागतो. हे आधी माहीत असले तर मित्राला सांगून ठेवता येते, "दहा मिनिटे माझी काठी धर." आमच्या ओळखीच्या गृहस्थांचा अनुभव असा की कुणी कधी नाही म्हटले नाही. एकदा तर त्यांच्या काठीला त्याच दहा मिनिटांत मासा लागला, मित्राने ओढून काढला आणि नंतर वर्षभर तो मासा कुणाचा यावर चेष्टा चालली.

जुम्याचा मुसाफिरवर फर्ज म्हणून हुकूम नाही, हे खरे. तरीही शनिवारी निघणारी बोट मिळत असताना शुक्रवारी दुपारची का निवडावी? मित्रांनी तारीख ठरवण्यापूर्वीच हे सांगावे, नंतर नव्हे.

वजूला समुद्राचे पाणी पाक आहे. डेक धुण्यासाठी बहुतेक बोटींवर खाऱ्या पाण्याचा पाइप असतो, तो चालतो. कपड्यांवर माशाचे रक्त उडणारच. हनफी फिकहमध्ये माशाचे रक्त नापाक मानत नाहीत, शाफई मतात अधिक काटेकोरपणा आहे. मत कोणतेही असो, त्या वासाचे कपडे घालून रब्बासमोर उभे राहणे कुणालाच आवडणार नाही. एक स्वच्छ जोड आणि पातळ जानमाज जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर तोंड बांधून, सामानाच्या तळाशी ठेवावी. पायात मात्र रबरी बूट हवेत. चपलेने डेकवर घसरून पडलेल्यांची संख्या माशांपेक्षा जास्त, असे तिथले खलाशी गमतीने म्हणतात.

खाणे. बोटीवर छोटेसे स्वयंपाकघर असते, हॅम्बर्गर, अंडी आणि बेकन एकाच तव्यावर होते. बेकन म्हणजे डुकराचे मांस, हे सांगायला नकोच. त्यामुळे तव्यावरचे अंडेही नको. घरून न्यावे, आणि इथे आईचा सल्ला थोडा आवरावा लागेल. ठेचा, तळलेले, मसालेदार काही नको. सुक्या पोळ्या, उकडलेले बटाटे, खजूर, खारी बिस्किटे, केळी... नाही, केळी नकोत! अमेरिकी मासेमारांत बोटीवर केळे आणणे अपशकुनी मानतात. शकुन-अपशकुन आपण मानत नाही, आणि मानूही नये. पण दुसऱ्याच्या बोटीवर जाऊन एका केळ्यासाठी वाद घालण्यात दीनची कोणती खिदमत आहे? सफरचंद न्यावे. सोबत कुणी तळलेले कालमारी पुढे केले, तर तो माकूल नावाचा जीव आहे, मासा नव्हे. शाफई घरांत खातात, हनफी खात नाहीत. गळाला आमिष म्हणून लावायला हरकत नाही.

पिण्याबाबत बोटीगणिक नियम वेगळे आहेत. काही बोटी दारू मुळीच येऊ देत नाहीत, काही बिअर विकतात. तिकीट काढण्यापूर्वी फोन करून विचारावे आणि शक्य तर न येऊ देणारी बोट सुचवावी. कारण म्हणून धर्म पुढे करण्याचीही गरज नाही. रात्रीच्या अंधारात, निसरड्या डेकवर, धारदार गळ घेतलेल्या पंचवीस माणसांत प्यालेला माणूस कुणालाच नको असतो.

आता त्या गोष्टीकडे येतो जी पत्रात नव्हती आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. अशा बहुतेक बोटींवर पूल नावाचा प्रकार असतो. खलाशी बादली किंवा टोपी घेऊन फिरतो, प्रत्येकजण दहा-वीस डॉलर टाकतो, आणि ज्याचा मासा सर्वांत मोठा त्याला सगळी रक्कम. रक्कम छोटी, वातावरण हसतखेळत, सगळे टाकतात. मुलगा नवा असेल तर हे भाड्याचाच भाग आहे असे समजून टाकून मोकळा होईल. पण सगळ्यांनी पैसे लावायचे आणि नशिबाने एकाने न्यायचे, याला आपल्याकडे एकच नाव आहे. तो जुगार आहे. मित्राने त्याच्या नावाने पैसे टाकले तरी तेच. बोटीच्या मालकाने स्वतःच्या खिशातून बक्षीस ठेवले असते आणि कुणी काही लावले नसते, तर प्रश्न वेगळा झाला असता.

सुदैवाने पूल ऐच्छिक असतो. नाही म्हटल्याने कुणी रागावत नाही, पण नाही म्हणणे त्या क्षणी सुचले पाहिजे. मुलाने घरीच दोनदा मोठ्याने म्हणून पाहावे: "मी पूलमध्ये नाही, थँक यू." कारणांची यादी नको, चेहऱ्यावर उपदेश नको. आणि नंतर कुणाला बक्षीस मिळाले तर मनापासून अभिनंदन करावे. पाच मित्रांनी आधीच ठरवून घेतले की जे मासे मिळतील ते पाचांत सारखे वाटायचे, तर मात्र त्यात काही वावगे नाही. ती भागीदारी आहे, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याच्या फायद्याचीच, कारण पहिल्या फेरीत रिकाम्या हाताने परतणारे पुष्कळ असतात. हे वाटपही निघण्यापूर्वीच ठरवावे. मासा डेकवर आल्यावर ठरवू म्हटले की मैत्री तुटते. खलाशांना शेवटी बक्षिशी देण्याची तिथे रीत आहे, साधारण भाड्याच्या पंधरा-वीस टक्के. ती खैरात नाही, त्यांच्या मजुरीचाच भाग आहे. रात्रभर तेच गुंते सोडवतात, मासे वर घेतात, कापून देतात. पूलचे वाचलेले दहा डॉलर तिकडे जोडावेत.

प्रत्यक्ष मासेमारीविषयी आम्ही फार सांगू शकत नाही, ते खलाशी सांगतील. रात्री बोटीचे दिवे पाण्यावर सोडतात, छोटे मासे उजेडाला येतात. बटरफिश नावाच्या माशाचे तुकडे थोडे थोडे पाण्यात सोडत राहतात आणि त्याच तुकड्यांत गळाचा तुकडा मिसळून, दोरी सैल सोडत वाहू देतात. दोरी ताणली की तुकडा इतरांसारखा वाहत नाही, आणि ट्यूनाची नजर तीक्ष्ण असते. मासा लागला की तो पळेल तिकडे, शेजाऱ्यांच्या काठ्यांखालून-वरून, आपणही कठड्याने जायचे. खलाशी "खाली जा" म्हणाला तर खाली, "थांब" म्हणाला तर थांब. वर आणण्याचे काम लांब दांड्याच्या आकड्याने तोच करतो. जाण्यापूर्वी एक गाठ नीट शिकून घ्यावी आणि काठी बोटीचीच भाड्याने घ्यावी, पहिल्या फेरीसाठी शेकडो डॉलरची खरेदी करू नये.

मासा जबह करावा लागत नाही, हे सर्वांना माहीत आहे. पण तो तडफडत पडू देऊ नये. खलाशी त्याला लगेच मारून, कल्ल्यांजवळ कापून रक्त वाहू देतात, याचे कारण वेगळे आहे. बहुतेक माशांचे अंग पाण्याइतकेच थंड असते, ट्यूनाचे मात्र पाण्यापेक्षा गरम. झुंजीत ते आणखी तापते आणि मांस आतून खराब होऊ लागते. म्हणून रक्त काढणे आणि लगेच बर्फात ठेवणे. ट्यूना उन्हात राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होते, आणि ते कितीही शिजवले तरी जात नाही. तोंड लाल होणे, अंगावर गांधी उठणे, डोके ठणकणे असा त्रास होतो. गाडीत बर्फाने भरलेली मोठी पेटी आधीच ठेवावी. घरी जायला दोन तास लागतात, तेवढे पुरे होते.

किती न्यावे? कायद्याने पिवळ्या पराचे ट्यूना एका माणसाला दिवसाला तीन, आणि वरच्या जबड्यापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत अंगाच्या वळणाने मोजून २७ इंचांपेक्षा लहान असेल तो परत सोडायचा. पण वीस-पंचवीस किलोचे तीन मासे एकट्या मुलाने नेऊन करायचे काय? त्याच्या फ्रीजरमध्ये जेमतेम आठ-दहा किलो मावते. केवळ फोटोसाठी जीव घेणे आपल्याला शोभत नाही. एक पुरे, आणि त्यातलेही शेजारी, मशिदीतले ओळखीचे, एकटे राहणारे विद्यार्थी यांना द्यावे. घरी गरोदर स्त्री किंवा लहान मूल असेल तर आधी विचारावे की मासा कोणता आहे. मोठ्या डोळ्यांचा, ज्याला तिकडे बिगआय म्हणतात, त्यात पारा जास्त असतो आणि त्यांनी तो टाळावा असे तिथले अन्न व औषध प्रशासनच सांगते. पिवळ्या पराचा आठवड्यातून एकदा चालतो.

राहिली पाककृती, कारण मुलगा फोन करून विचारणारच. रोहूसारखा रस्सा उकळत ठेवला तर ट्यूना कोरडा आणि चिवट होतो. मसाला पूर्ण शिजवून, तेल सुटल्यावर, तुकडे शेवटी टाकावेत आणि चार-पाच मिनिटांत उतरवावे. मांसाच्या मधोमध एक काळपट लाल पट्टी असते, तिचा वास उग्र. ती वेगळी काढावी. फेकू मात्र नये. लिंबू आणि मीठ लावून अर्धा तास ठेवली, मग चण्याच्या डाळीसोबत शिजवून वाटली, आले, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि एक अंडे घातले, की त्याचे शामी कबाब उत्तम होतात.